गाण्यात एआय वापरलं तर क्रेडिट एका ओळीत की सविस्तर?

गोव्यातल्या फोंड्याच्या एका पोराने गणेश चवथीसाठी घुमट आरती रेकॉर्ड केलीय, घुमट-शामेळ ही तालवाद्यं माणसांनीच वाजवलीत, फक्त मागचा कोरस एआयचा, आणि आता विचारतोय की 'एआयच्या मदतीने' एवढंच टाकू का सगळं लिहू?

मेहनत बघितली तर एक ओळ सोपी. पण ती वाचून लोकांना वाटणार घुमटसुद्धा मशीनचं, आणि हा वाजवणाऱ्यांवर सरळ अन्याय आहे. सविस्तरमध्ये 'कोरस: एआय' आणि खाली वादकांची नावं, विषय संपला. डीडीईएक्स, म्हणजे गाण्यांची माहिती कशी नोंदवायची ते ठरवणारी संस्था, तिच्या स्टँडर्डमध्येही एआयचा वापर गायन, वाद्यं, पोस्ट-प्रॉडक्शन वेगवेगळं दाखवता येतं, २०२५ मध्ये स्पॉटिफायनेही त्याला पाठिंबा जाहीर केला. फक्त एआय टूलचं नाव-व्हर्जन ज्या दिवशी वापरशील त्याच दिवशी लिहून ठेव.

घरच्या ग्रुपवर टाकायचं तर एक ओळ पुरे. रिलीज करणार आणि दुसरे वादक असतील तर सविस्तरच.