‘द वॉटरफ्रंट’ की ‘टर्न ऑफ द टाइड’: आधी कोणती बघाल?

मासेमारी करणारा माणूस तस्करीत कसा ओढला जातो, या एकाच विषयावरच्या दोन मालिका नेटफ्लिक्सवर आहेत. एक अमेरिकन, दुसरी पोर्तुगीज. मी दोन्ही लागोपाठ पाहिल्या. तुमच्याकडे एकीपुरताच शनिवार-रविवार असेल, तर पोर्तुगीज बघा. ‘द वॉटरफ्रंट’ने माझी निराशा केली, आणि तिच्याकडे सांगण्यासारखं अस्सल काहीतरी होतं म्हणून ती जास्त लागली.

ही मालिका लिहिणाऱ्या केव्हिन विल्यमसनचे वडील नॉर्थ कॅरोलायनात मासेमार होते. धंदा बसला तेव्हा, १९८०च्या दशकात, त्यांनी बोटीतून अमली पदार्थ वाहिले आणि पकडले गेले. इतकी घरातली गोष्ट हाताशी असताना जून २०२५मध्ये आलेल्या आठ भागांत आपल्याला भेटतं ते बकली कुटुंब. त्यांचं रेस्टॉरंट आहे, मासळीचा धंदा आहे, किनाऱ्यावर जमीन आहे. हार्लन या बापाला हृदयविकाराचे झटके येऊन गेलेत, डोक्यावर कर्ज आहे, म्हणून मुलगा केन बोटींमधून माल न्यायला लागलाय. पण कर्ज फक्त संवादातच राहतं. घरात, जेवणात, कपड्यांत ते कुठेच दिसत नाही. जाळं किती वेळा रिकामं आलं, खलाशांचे पैसे कधीपासून थकलेत, हे कळल्याशिवाय केनने उचललेल्या पावलाची भीती आपल्याला वाटणार कशी? त्याऐवजी मालिका जुनं प्रेम, मुलाच्या ताब्यावरून भांडण, व्यसनमुक्ती, नवऱ्याच्या पाठीमागे जमिनीचा व्यवहार अशा फाट्यांना जाते. समुद्र राहतो तो मृतदेह टाकण्यापुरता.

हे मला का खुपतं, ते सांगते. आपण नागपूरकर समुद्रापासून लांब, पण मासेमारांपासून लांब नाही. भोईपुऱ्यातल्या बाजारात रोहू-कतला घेताना मी ढीवर, भोई घरांतल्या बायकांशी बोलते, तेव्हा त्या भावाबद्दल, बर्फाबद्दल, तलावाच्या ठेक्याबद्दल बोलतात. आणि तोतलाडोह धरण तर आपल्या हाकेच्या अंतरावर. धरणाच्या कामावर आलेली कितीतरी कुटुंबं पुढे तिथेच मासे धरून जगली. पाणी पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत, म्हणून मासेमारीला बंदी आली, वस्ती उठली. तरी रात्री जाळी टाकणारे आणि वनखात्याची गस्त यांच्या झटापटी आपण वर्षानुवर्षं पेपरात वाचत आलोय. तिथे अमली पदार्थ नाहीत, फक्त मासे आहेत, आणि तेवढ्यासाठीही माणूस अंधारात होडी लोटतो. पोटासाठी कायदा मोडणारा माणूस कसा दिसतो हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून हार्लनच्या घरात तो सापडत नाही हे लगेच कळतं.

‘टर्न ऑफ द टाइड’मध्ये तो पहिल्या भागातच सापडतो. मूळ नाव ‘राबो द पेइश’, म्हणजे माशाची शेपटी. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांमधल्या साव मिगेलवरच्या एका खऱ्याखुऱ्या गरीब कोळीवाड्याचं हे नाव. जून २००१मध्ये तिथे काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. एका इटालियन माणसाची कोकेनने भरलेली शिडाची बोट सुकाणू मोडल्यामुळे बेटापाशी अडकली. त्याने माल किनाऱ्याजवळ लपवला, आणि वादळी लाटांनी तो सोडवून लोकांच्या दारात आणून टाकला. सुमारे अर्धा टन पोलिसांच्या हाती लागला. उरलेला गावात मुरला. पीठ समजून त्यात मासे घोळवून तळल्याच्या कथा तिथे अजून सांगितल्या जातात.

औगुस्तो फ्रागाच्या या मालिकेत एदुआर्दो आणि त्याचे तीन मित्र आहेत. त्याच्या वडिलांची दृष्टी जाते आहे, त्याला अमेरिका गाठायची आहे, आणि एका रात्री समुद्रच पर्याय आणून देतो. तस्करी शोधत तो कुठे गेलेला नाही. मोहाचा हा क्षण मालिकेने नीट पेलला आहे, एदुआर्दो झालेल्या जोझे कोंदेसाने तर फारच. पुढे बंदुका वाढतात, नशीब नायकाला जरा जास्तच साथ देतं, हे मान्य. तरी गाव सुटत नाही.

अभिनयात ‘द वॉटरफ्रंट’ कमी नाही. होल्ट मॅकॅलनीचा हार्लन भारदस्त आहे, आणि टॉफर ग्रेसचा तस्कर ग्रेडी हसत हसत क्रूर होतो तेव्हा अंगावर काटा येतो. श्रीमंत घराण्याची भाऊबंदकी, कटकारस्थानं आवडत असतील तर ती कंटाळा आणणार नाही. इंग्रजी असल्यामुळे दिवसभराच्या कामानंतरही सोपी जाते. दुसरी मात्र पोर्तुगीजमध्येच, सबटायटल लावून बघा. त्या बेटावरचा बोलण्याचा हेल डबिंगमध्ये हरवतो. मुलांसमोर दोन्ही नकोत.

आणखी एक गोष्ट निवडीत धरा. ‘द वॉटरफ्रंट’ शेवटी नव्या भांडणांची दारं उघडून ठेवते, आणि ऑगस्ट २०२५मध्ये ती एका सीझननंतर बंद झाल्याचं जाहीर झालं. ‘टर्न ऑफ द टाइड’चा सात भागांचा पहिला सीझन २०२३चा, दुसरा ऑक्टोबर २०२५मध्ये आला. म्हणजे शनिवारी सुरू केलीत तर पहिला सीझन रविवारी रात्री संपेल, आणि एदुआर्दोचं पुढे काय झालं ते बघायला दुसरा हजर असेल.