स्ली हेड ड्राइव्ह: स्वतः गाडी चालवावी की मिनीबसने जावं?

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या डिंगल गावाला जाताय तर हा प्रश्न पडणारच, कारण स्ली हेड ड्राइव्ह हा समुद्राकाठचा गोल रस्ता तिथूनच निघून तिथेच परत येतो. मी दोन्ही केलंय, पहिल्यांदा बायकोबरोबर रेंटल गाडीने आणि नंतर आई-बाबा आले होते तेव्हा तिथल्याच एका माणसाच्या मिनीबसने. दोन्ही वेळा अर्धा दिवसच हाताशी होता.

गाडीचं सुख म्हणजे मनाला येईल तिथे थांबता येतं. गॅलरसचं ते दगडी प्रार्थनाघर, चुना-माती काही न लावता नुसते दगड रचून उपड्या होडीसारखं बांधलेलं, तिथे आम्ही तासभर बसलो. मिनीबसवाला पंधरा मिनिटांत हाक मारतो, ते मला आवडलं नाही. आणि आयर्लंडमध्ये गाडी डावीकडूनच चालवतात, त्यामुळे आपल्याला तशी भीती नसते.

पण तो रस्ता! एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला बुटकी भिंत आणि खाली समुद्र. मोठ्या बसेस घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जातात म्हणून मीही तसाच गेलो, तरी समोरून गाड्या येतातच, मग वळणावर रिव्हर्स घ्या, मागे चार गाड्या. पांढऱ्या क्रूसाच्या वळणाला बायको म्हणतेय अरे ते बघ ब्लास्केट बेट, आणि माझी नजर आरशात. जे बघायला एवढ्या लांब आलो तेच मला दिसलं नाही, हे मनातून गेलंच नाही.

मिनीबसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते. डोंगराच्या उतारावर हिरवळीखाली लांब पट्टे दिसले तर म्हणाले, हे तर सरी-वरंबे! ड्रायव्हर म्हणाला बरोबर, बटाट्याचे जुने वाफे आहेत, 1845 पासूनच्या दुष्काळात लोक मेले, परागंदा झाले, तेव्हापासून तसेच पडलेत. पहिल्या वेळी मी त्यांच्याच समोरून गेलो होतो. पुढे डनक्विनच्या धक्क्यावर त्याने सांगितलं की 1953 मध्ये ग्रेट ब्लास्केटवरची शेवटची 22 माणसं सरकारने मुख्य भूमीवर आणली. गावांच्या पाट्या तिथे आयरिशमध्ये असतात, तो त्या वाचून नावांचे अर्थ सांगत होता.

प्रत्येकाला हेच पटेल असं नाही, लहान मुलं सोबत असतील तर गाडी सोयीची पडेल कदाचित. पण जो गाडी चालवणार त्याच्यासाठी तरी मी मिनीबसच म्हणेन. स्वतःची गाडी डिंगलमध्ये लावून ठेवा आणि गॅलरसला संध्याकाळी परत जा, आतल्या रस्त्याने ते जवळच आहे, कड्यावरून जावं लागत नाही.