१९७१ ची शेव्हरोले सी-१०, मागून ४ इंच खाली: किट कसं निघालं

माझी सी-१० पिकअप ट्रक छोट्या हौद्याची, ११५ इंच व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) आहे. ती कारखान्यातूनच मागून उंच येते, कारण मागे माल भरल्यावर सपाट दिसावी असाच तिचा हिशेब. रिकामी उभी असली की शेपूट वर, नाक खाली. मला ते कधीच आवडलं नाही. म्हणून इथे ह्यूस्टनमध्येच मागच्या बाजूचं ४ इंची किट घेतलं आणि घरच्या गॅरेजमध्ये बसवलं.

ऑर्डर देण्याआधी गाडीखाली वाकून बघाच. १९६७ ते ७२ च्या शेव्हरोले सी-१० ला मागे बहुतेक वेळा कॉइल स्प्रिंग असते, पण काहींना पाटे असतात, आणि त्याच काळातल्या जीएमसीला (शेव्हरोलेचाच जुळा ब्रँड) तर पाटेच जास्त. पाट्यांच्या गाडीला या किटचा काही उपयोग नाही. तिथे अॅक्सल पाट्यांच्या वर नेणारं फ्लिप किट लागतं. आपल्याकडचे ट्रकवाले जादा पाटे टाकून गाडी वर उचलतात, इथे नेमकं उलटं!

स्प्रिंगा बदलणं सोपं आहे. चासी स्टँडवर, अॅक्सलखाली जॅक, शॉकअॅब्सॉर्बर खालून मोकळे करायचे आणि जॅक हळूहळू उतरवायचा. ट्रेलिंग आर्म (अॅक्सलला चासीशी जोडणारे लांब दांडे) इतके खाली येतात की स्प्रिंग दाबून धरावी लागत नाही, हातानेच निघते. एक नजर मात्र ब्रेकच्या रबरी नळीवर ठेवा, अॅक्सलचं वजन तिच्यावर येता कामा नये.

किटचा खरा कस पुढे लागतो. अॅक्सल आडवा सरकू नये म्हणून या गाडीला एक तिरका पॅनहार्ड बार असतो, आणि मूळचा बार आखूड असतो. गाडी खाली आली की त्याचा कोन बदलतो आणि तो अख्खा अॅक्सल एका बाजूला ओढतो. नुसत्या स्प्रिंगा बदललेल्या गाड्या मागून बघा, एक टायर मडगार्डच्या कडेला आलेला असतो, दुसरा आत गेलेला. या किटमध्ये लांबी कमीजास्त करता येणारा बार आहे. दोन्ही बाजूंनी ओळंबा सोडून मापं घेतली आणि बार फिरवून अॅक्सल मधोमध आणला. पैसे इथेच वसूल झाले. शॉकअॅब्सॉर्बर पूर्ण दाबले जाऊ नयेत म्हणून जागा बदलणारे ब्रॅकेटही आहेत, आणि डिफरन्शियलच्या तोंडाचा कोन जुळवायला पोलादी पाचरी. पाचरी कोन मोजूनच घाला, नाहीतर वेग वाढला की इंजिनाची ताकद मागे नेणारा शाफ्ट थरथरतो.

दोन गोष्टी खटकल्या. सूचनांचा कागद अगदीच त्रोटक आहे, पाचरीची जाड बाजू पुढे की मागे हे त्यावरून कळत नाही. दुसरं म्हणजे ४ इंच खाली आल्यावर अॅक्सल आणि चासीत जागाच उरत नाही. चासीला खालून अर्धगोल खाच पाडून मजबुतीचा तुकडा बसवावा लागतो, ज्याला सी-नॉच म्हणतात. तो किटमध्ये नाही, वेगळा घ्यावा लागला. तो नसेल तर खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटणार, त्यामुळे त्याचा खर्च आधीच धरून चला.

गाडी मात्र सुरेख चालते. वळणावर मागची बाजू पूर्वी झोकांडी खायची, ती आता बसून वळते. रस्त्याचे सांधे थोडे जास्त जाणवतात, पण अंग खिळखिळं होत नाही. ओझ्याचं काम मात्र कमी झालं. बागेसाठी खताची पोती आणली तेव्हा मागची बाजू रबरी स्टॉपला टेकायला आली होती. रोज माल वाहणाऱ्याने ४ इंचांच्या फंदात पडू नये, २ इंच पुरे. हौसेची, शनिवार-रविवारची गाडी असेल तर बेलाशक घ्या, आणि काम झाल्यावर हेडलाइटची उंची पुन्हा लावून घ्या, कारण शेपूट खाली आलं की उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो.