छर्रेवाला हब की सील्ड बेअरिंगवाला, दोन्ही वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

सायकलच्या चाकाच्या मधोमध असतो तो हब कुठला घ्यावा, याचा निकाल आधीच सांगून टाकतो. कोन-पाने (हबचे कोन धरायचे पातळ पाने) घरात असतील आणि ग्रीसमध्ये हात घालायची आवड असेल तर सुट्या छर्‍यांचा हब घ्या, नसेल तर सरळ कार्ट्रिज बेअरिंगवाला, म्हणजे अख्खं बंद बेअरिंग बसवलेला सील्ड हब घ्या आणि "कुठलं चाक जास्त फिरतं" हा वाद दुसर्‍यांना घालू द्या.

कारण त्या वादात सगळे तीच टेस्ट करतात, चाक हातात उचलून गरकन फिरवायचं आणि थांबायला किती वेळ लागतो ते बघायचं. अरे पण त्या चाकावर वजनच नाहीये! तिथे तुम्हाला दिसतंय ते फक्त रबरी सीलचं घासणं आणि ग्रीसचा घट्टपणा. नवा सील्ड हब हवेत लवकर थांबतो कारण सीलची कड आतल्या रिंगला घासत असते, आणि रस्त्यावर तुम्ही बसल्यावर टायर आणि हवा मिळून एवढी ताकद खातात की हबचा वाटा कळतसुद्धा नाही. हिशोबच करा की, चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, स्पीड ताशी ३० किमी, म्हणजे चाक मिनिटाला जेमतेम २४० फेरे मारतं. ही बेअरिंगं मिनिटाला हजारो फेर्‍यांसाठी बनवलेली असतात, सायकलवर ती फिरून फिरून झिजत नाहीत. ती मरतात पाण्याने, वाळू-मातीच्या कचकचीने आणि चुकीच्या आवळण्याने. सिरॅमिक छर्‍यांबद्दलही माझं हेच मत, स्पीड हवा असेल तर टायर बदला.

आता छर्रेवाला. माझ्या एका सायकलला शिमानो कंपनीच्या डिओर रेंजचे हब आहेत, आणि बाकीचं बरंचसं जग कार्ट्रिजकडे गेलं तरी शिमानोने डुरा-एससारख्या वरच्या रेंजमध्येही कप-कोन (कप म्हणजे हबमधली वाटी, कोन म्हणजे ॲक्सलच्या दांड्यावरचा शंकूसारखा नट, आणि दोघांच्या मध्ये सुटे छर्रे) सोडलेलं नाही, त्यामुळे हा स्वस्तातला जुनाट प्रकार आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे नावाच्या सायकल मेकॅनिकने १८६९ मध्ये सायकलच्या बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं, म्हणजे आयडिया म्हातारी आहे हे खरं, पण भूमिती एकदम पक्की आहे. छर्रा कपात आणि कोनावर तिरका टेकतो त्यामुळे वरून येणारं वजनही घेतो आणि बाजूने येणारा दाबही. छर्रेही दणकट, पुढे बहुतेक ३/१६ इंचाचे एका बाजूला १०, मागे १/४ इंचाचे ९. (उघडताना मोजून घ्या, आणि खाली कापड पसरा, नाहीतर एक तरी कपाटाखाली जाणारच.)

उघडून बघता येतं हीच याची खरी मजा. ग्रीस काळं झालंय का, राखाडी होऊन त्यात चमचम दिसतेय का, कोनावर खड्डे पडलेत का, सगळं डोळ्यांसमोर. खड्डे बहुतेक वेळा कोनावरच आधी पडतात, कारण कोन फिरत नाही, वजन कायम त्याच्या खालच्या भागावरच येत राहतं, आणि कप मात्र फिरत असल्यामुळे त्याच्यावर मार सगळीकडे वाटला जातो. हे आपल्या फायद्याचंच आहे कारण कोन बदलता येतो. कप हबमध्येच दाबून बसवलेला असतो आणि तो बहुतेक हबमध्ये बदलता येत नाही, म्हणजे दुर्लक्ष करून करून खड्डे कपापर्यंत पोचले की हबच गेला, आणि हब गेला म्हणजे स्पोक सोडून पूर्ण चाक नव्याने विणणं आलं. यातला एक अपवाद म्हणजे शिमानोच्या मागच्या हबमध्ये उजवा कप फ्रीहबच्या (मागची गिअरचक्रं ज्यावर बसतात त्या भागाच्या) बॉडीत असतो, तो बॉडीबरोबर बदलून निघतो. डाव्याला ती सोय नाही.

आणि ॲडजस्टमेंट! इथेच निम्मे लोक कंटाळतात. कोन हाताने टेकवायचा, पातळ पान्याने धरून ठेवायचा, दुसर्‍या पान्याने लॉकनट आवळायचा, की आवळताना कोन थोडा सरकतोच, मग परत सोडा परत आवळा. क्विक रिलीजवाल्या (लिव्हरने चाक काढता-लावता येणार्‍या) हबला अजून एक गोम आहे, लिव्हर बंद केल्यावर पोकळ ॲक्सल किंचित दबतो आणि बेअरिंग तेवढं घट्ट होतं, म्हणून चाक बाहेर असताना अगदी केसभर प्ले (सैलपणा) ठेवायचा जो लिव्हर लावल्यावर नाहीसा होईल. नटवाल्या ॲक्सलला हे करायचं नाही, तिथे प्ले शून्यच हवा. नवीन हबसुद्धा फॅक्टरीतून बर्‍याचदा नको तेवढा आवळलेला आणि ग्रीस बोटभर कमी असा येतो, त्यामुळे नवा कोरा असला तरी चाक लावायच्या आधी ॲक्सल बोटांनी फिरवून बघा, खरखर किंवा अडकल्यासारखं लागलं तर आत्ताच सैल करून घ्या. जुने छर्रे पुसून परत घालू नका, छर्रे म्हणजे सगळ्यात स्वस्त पार्ट, आणि एका बाजूला सगळे एकाच पाकिटातले घाला.

सील्डवाल्याकडे येऊ. दुसर्‍या सायकलचे हब कार्ट्रिजचे आहेत आणि रोजच्या वापराला, पावसापाण्यात, हेच जास्त आवडलेत हे कबूल. ॲडजस्टमेंट जवळजवळ नाहीच. बेअरिंग खराब झालं की ठोकून किंवा पुलरने बाहेर, नवीन आत, आणि हब जसाच्या तसा. नंबर सीलवरच लिहिलेला असतो, उदाहरणार्थ ६९०२-२आरएस म्हणजे आतलं भोक १५ मिमी, बाहेरचा व्यास २८, जाडी ७, दोन्ही बाजूंना रबरी सील. ६८०२ चं भोकही १५ च पण बाहेरून २४, त्यामुळे "साधारण तसंच दिसतंय" म्हणून उचलू नका. झेडझेड लिहिलेलं असेल तर त्याला पत्र्याच्या चकत्या असतात, मोटरमध्ये ठीक, सायकलच्या चाकात पाण्यापुढे टिकत नाही. हे नंबर सायकलच्या दुकानातच मिळतात असंही नाही, मशीनचे बेअरिंग विकणार्‍याकडे एसकेएफ, एनटीएन, एनएसके असं चांगलं काहीतरी मिळून जातं.

पण सील्ड म्हणजे वॉटरप्रूफ नाही हो. प्रेशर वॉशरचा फवारा सरळ हबवर मारला की पाणी आत जातं आणि मग तेच सील ते पाणी बाहेर येऊ देत नाही. आत काय चाललंय ते दिसत नाही, एक दिवस खरखर सुरू होते तेव्हा काम झालेलं असतं. "मेंटेनन्स फ्री" हे विकणार्‍यांचं वाक्य. पातळ ब्लेडने सीलची कड अलगद उचलता येते, आतलं धुऊन नवीन ग्रीस भरून सील परत दाबलं की बरेच महिने निघतात, फक्त सील दुमडू देऊ नका.

बसवताना मात्र अक्कल लागते. हबमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर द्यायचा, आतल्या रिंगवर दिला तर तो छर्‍यांमधून जातो आणि नवं बेअरिंग बसवतानाच संपतं. एका मेकॅनिकने माझं असंच हातोडीने आतल्या रिंगवर ठोकून बसवून दिलं होतं, चाक पहिल्याच फेरीपासून दाणे लागल्यासारखं फिरत होतं. अजून एक, बेअरिंगची हबमधली जागा सैल झाली की बाहेरची रिंगच आत फिरायला लागते, तिला रिटेनिंग कंपाउंड (सैल पार्ट जागेवर धरून ठेवणारा गोंद) लावून काही दिवस ढकलता येतं पण तो हब उतरणीला लागलाच समजायचं. म्हणजे बेअरिंग बदलत राहिलं की कार्ट्रिजवाला "हब अमर" असं म्हणतात, तेही पूर्ण खरं नाही.

लांबच्या टूरला जिथे पुलर आणि प्रेस मिळायची खात्री नाही तिथे मी अजूनही छर्रेवालंच चाक नेतो, दोन पातळ पाने, ग्रीसची छोटी ट्यूब आणि छर्‍यांची पुडी एवढ्यात रस्त्याच्या कडेला काम होतं. बाकी वेळी सील्ड. फक्त सील्ड घेताना आधी आतल्या बेअरिंगचा नंबर विचारा, कारण काही हबमध्ये कंपनीचं स्वतःचं विचित्र मापाचं बेअरिंग असतं, आणि तसं असेल तर मी तो हब घेणार नाही, कितीही हलका असला तरी.