केंद्राची ‘लीन’ योजना: बारा हजारांत कारखान्यात नेमकं काय बदलतं?

लघुउद्योगांसाठी केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची ‘एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह (लीन)’ योजना 10 मार्च 2023 रोजी नव्या रूपात सुरू झाली. तेव्हाचे खात्याचे मंत्री नारायण राणे यांच्या हस्ते. लीन म्हणजे वाया जाणारा वेळ, जागा आणि माल कमी करून काम करण्याची पद्धत; ती शिकवायला सल्लागार कारखान्यात येतो. भोसरी, चाकण, अंबड, सातपूर, वाळूज, शिरोली, गोकुळ शिरगाव अशा वसाहतींमधल्या मालकांना तिच्याबद्दल दोनच गोष्टी कळलेल्या असतात: सरकार 90 टक्के पैसे देतं आणि प्रमाणपत्र मिळतं. पण कारखान्यात प्रत्यक्ष काय होतं आणि सल्लागार गेल्यावर त्यातलं काय उरतं, यावर ही सेवा घ्यायची की नाही हे ठरायला हवं.

आधी पैशाचं. योजनेचे तीन टप्पे आहेत. बेसिक फुकट आहे: उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादन करणाऱ्या कारखान्याने पोर्टलवर लीनची शपथ घ्यायची आणि धडे ऑनलाइन पाहायचे. इंटरमीजिएट टप्पा सहा महिन्यांचा, सल्ल्याचा खर्च 1,20,000 रुपयांपर्यंत. अ‍ॅडव्हान्स्ड बारा महिन्यांचा, 2,40,000 पर्यंत. जुन्या योजनेत सरकारचा वाटा 80 टक्के होता, आता 90 आहे. म्हणजे मालकाच्या खिशातून जास्तीत जास्त 12,000 आणि 24,000. महिला किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांना, स्फूर्ती या पारंपरिक उद्योगांच्या योजनेतल्या क्लस्टरमधल्या आणि ईशान्येकडच्या युनिटना आणखी 5 टक्के मिळतात. उद्योग संघटनेमार्फत किंवा मोठ्या ग्राहक कंपनीमार्फत नोंदणी केली, तर सगळे टप्पे पूर्ण झाल्यावर आणखी 5 टक्के. अंमलबजावणी राष्ट्रीय उत्पादकता परिषद आणि क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडिया या दोन संस्थांकडे आहे.

खरा खर्च मात्र वेगळाच असतो. पाच जणांच्या टीमने आठवड्याला दोन तास दिले, तर 26 आठवड्यांत 260 माणूस-तास होतात. शिवाय रंग, रॅक, बिन, पार्ट धरून ठेवणारे छोटे फिक्श्चर हे सगळं मालकाच्या अंगावर. हा हिशेब सुरुवातीलाच मांडलेला नसला की तिसऱ्या महिन्यात डिस्पॅचची घाई आली की लीनची मीटिंग पहिली रद्द होते, आणि एकदा रद्द झालेली मीटिंग पुन्हा जागेवर यायला फार वेळ लागतो.

बेसिकबद्दल थोडक्यात: घ्याच. फक्त ऑफिसातल्या मुलाला बसवून परीक्षा उरकू नका. सुपरवायझर आणि सेटर (मशीन नव्या कामासाठी जुळवून देणारा कामगार) यांनी एकत्र बसून धडे पाहिले तर पुढे ‘मुदा’ (वाया जाणारं काम), ‘कानबान’ (लागेल तेवढाच माल मागवणारं कार्ड), ‘पोका-योके’ (चूक होऊच न देणारी सोय) हे शब्द शॉपवर उपरे वाटत नाहीत.

इंटरमीजिएटमध्ये पहिलं काम जवळजवळ नेहमी 5 एसचं, म्हणजे नको ते काढून उरलेलं जागच्या जागी आणि स्वच्छ ठेवण्याचं, निघतं, आणि बहुतेक कारखाने इथेच फसतात. खंडेनवमीला आपल्याकडे मशीन पुसून, हळद-कुंकू लावून, हार घालून चकाचक करतात. दोन दिवसांनी चिप्स आणि कुलंटचा चिखल पुन्हा जागेवर. ऑडिटच्या आदल्या दिवशी केलेलं 5 एस नेमकं तसंच होतं. फरक पडतो तो लाल टॅगने. नको वाटणाऱ्या प्रत्येक वस्तूला टॅग लावायचा, त्यावर वस्तू, संख्या, टॅग लावणाऱ्याचं नाव, तारीख आणि निर्णयाची शेवटची तारीख. 30 दिवस पुरेसे आहेत. त्यानंतर वस्तू भंगारात, दुसऱ्या विभागात किंवा परत जागेवर, पण सही मालकाचीच. ‘असू दे, कधीतरी लागेल’ हे वाक्य मालकाच्याच तोंडून येतं, त्यामुळे निर्णय फोरमनवर ढकलला की टॅग वर्षभर तसेच लोंबकळतात. एक सावधगिरी: प्रेस शॉपमधल्या जुन्या डाय (पत्र्याला आकार देणारे साचे) आणि फिक्श्चर बऱ्याचदा ग्राहकाच्या मालकीचे असतात. त्यांच्यावर टॅग लावण्याआधी टूलिंगची यादी काढा आणि ग्राहकाकडून लेखी परवानगी घ्या. उत्साहाच्या भरात दुसऱ्याची डाय भंगारात गेली तर वाचवलेल्या जागेपेक्षा नुकसान कितीतरी मोठं.

या सेवेचं खरं मोल दिसतं ते सेटअपच्या, म्हणजे मशीन एका कामावरून दुसऱ्या कामावर वळवण्याच्या, वेळेत. 100 टनी पॉवर प्रेसवर डाय बदलायला 55 मिनिटं लागतात असं धरू. घड्याळ लावून फोड केली की साधारण असं चित्र येतं: रॅकमध्ये डाय शोधणं 9, ट्रॉली मिळवणं 6, जुनी डाय सोडवून उतरवणं 8, नवी चढवून जुळवणं 10, शट हाइट (खाली आलेला प्रेसचा रॅम आणि खालची बैठक यांतलं अंतर) लावणं 8, क्लॅम्प आवळणं 5, ट्रायल पीस काढून क्वालिटीकडून पास होणं 9. पहिली 15 मिनिटं प्रेस उगाच उभा आहे. आधीची बॅच चालू असतानाच डाय आणि ट्रॉली प्रेसशेजारी येऊ शकतात. जपानच्या शिगेओ शिंगो यांनी मांडलेली पद्धत हीच: मशीन चालू असताना होऊ शकतं ते आणि मशीन बंद ठेवूनच होतं ते, असे कामाचे दोन भाग करायचे. मग उरलेल्या 40 मिनिटांकडे वळायचं. सगळ्या डायना पॅरलल प्लेट लावून उंची सारखी केली की शट हाइटची 8 मिनिटं 2 वर येतात. बोल्स्टरवर (डाय ज्यावर बसते त्या पाटावर) लोकेटिंग स्टॉप बसवले की 10 ची 5 होतात. क्लॅम्पचे बोल्ट सगळे एम-16 मापाचे केले की 24 चा एकच पाना पुरतो, तीन पाने शोधत फिरावं लागत नाही. आवळणं 3 वर, सोडवणं 6 वर. चेकिंग गेज डायच्याच पेटीत ठेवला की पास व्हायला 9 ऐवजी 4. एकूण 20 मिनिटं. यात एकही नवं मशीन नाही.

हे करताना जो धोका येतो तो सल्लागाराने पहिल्याच दिवशी सांगायला हवा. वेळ कमी करायच्या चढाओढीत कुणी मोटर बंद न करता, फ्लायव्हील थांबायची वाट न बघता, सेफ्टी ब्लॉक न लावता रॅमखाली हात घालतो. म्हणून सेफ्टी ब्लॉक लावण्याची मिनिटं मोजमापात वेगळी धरावी आणि ती कमी करायची नाहीत असं फळ्यावर लिहून ठेवावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर या योजनेच्या कागदपत्रांत पुरेसा भर दिसत नाही. दिवसाला तीन डाय बदलल्या जात असतील तर वरच्या उदाहरणात 105 मिनिटं वाचतात. मालकासाठी ही बचत. पण तोच माल संपवायला ऑपरेटर रोज पावणेदोन तास ओव्हरटाइम करत होता. तासाला 90 रुपये धरले तर दुप्पट दराने 180, महिन्याच्या 26 दिवसांचे 8,190 रुपये. घराचा हप्ता त्यावर चाललेला असतो. मग सल्लागार असेपर्यंत डाय 20 मिनिटांत बदलते आणि तो गेल्यावर हळूहळू पुन्हा 45 वर जाते. मालक म्हणतो, ‘आमची माणसंच बदलायला तयार नाहीत.’ माणसं तयार असतात. आपल्या पगाराला कात्री लावणाऱ्या कामात आपणच हात घालावा, ही अपेक्षा चूक आहे. यावरचा उपाय सुरुवातीलाच, लेखी, शॉपच्या फळ्यावर हवा: लीनमुळे कुणाला काढलं जाणार नाही, वाचलेल्या तासांत कोणतं नवं काम घेणार आणि पहिले सहा महिने बचतीचा किती वाटा त्या लाइनच्या माणसांना मिळणार. हे ठरवायला सल्लागार लागत नाही. पण चांगला सल्लागार हे ठरल्याशिवाय स्टॉपवॉच बाहेर काढत नाही.

स्टॉपवॉचइतकीच भीती व्हिडिओची असते. सेटअपचं चित्रीकरण पद्धतीचाच भाग आहे, पण कॅमेरा चेहऱ्यावर नको, हात आणि हत्यारांवर हवा. आणि तो व्हिडिओ आधी सेटरने एकट्याने पाहावा, कुठे वेळ जातो त्याची यादी त्यानेच लिहावी. पाना कुठे ठेवला की कमरेत वाकावं लागणार नाही, कोणत्या डायचा कोणता स्टॉप झिजलाय, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. कॉन्फरन्स रूममध्ये साहेबांसमोर तो व्हिडिओ लावला की पुढच्या वेळी सेटर फक्त सांगितलं तेवढंच करतो.

कामगारांच्या सूचनांचं, म्हणजे कायझेनचंही तसंच आहे. टोयोटाने सूचना योजना 1951 मध्ये सुरू केली. आपल्याकडे भेल या सरकारी कंपनीत 1980 च्या सुमारास क्वालिटी सर्कल (कामातल्या अडचणी सोडवणारे कामगारांचे गट) आली. इतक्या वर्षांचा अनुभव असूनही इथल्या लहान कारखान्यांत अजून कुलूप लावलेली सूचनापेटी बसवली जाते आणि किल्ली एचआरकडे असते. तीन महिन्यांनी पेटीत पंख्याची आणि चहाची तक्रार सापडते, कारण त्याआधीच्या सूचनांना कुणी उत्तरच दिलेलं नसतं. पेटीऐवजी लाइनजवळ फळा लावा. चार रकाने पुरे: सूचना, कोणाची, उत्तर कधी देणार, काय झालं. उत्तर सात दिवसांत, ‘नाही’ असेल तर कारणासह. सुपरवायझरला 2,000 रुपयांपर्यंत मालकाला न विचारता खर्च करायची मुभा द्या. बहुतेक चांगल्या सूचना, उदाहरणार्थ पार्ट घसरून येण्यासाठी पत्र्याची उतरण किंवा उलटा पार्ट बसूच नये म्हणून फिक्श्चरवर एक पिन, एवढ्यातच होतात. ‘दर माणशी महिन्याला दोन कायझेन’ असं टार्गेट मात्र नको. मग महिनाअखेरीला फॉर्म भरायचा म्हणून भरले जातात आणि ‘झाडू जागेवर ठेवला’ हेही कायझेन होतं. मोजायचंच असेल तर उत्तर किती दिवसांत मिळालं आणि किती सूचना प्रत्यक्षात आल्या, हे मोजा.

कंत्राटी कामगारांना प्रशिक्षणातून वगळणं हीही नेहमीची चूक. प्रेसवर, ग्राइंडिंगवर, पॅकिंगला उभी असलेली माणसं बहुतेक कंत्राटीच असतात, आणि बरीचशी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडची. त्यामुळे कामाची पद्धत लिहिलेला कागद इंग्रजीत लॅमिनेट करून टांगण्यात अर्थ नाही. मराठी आणि हिंदीत, सहा-सात फोटोंसह, प्रत्येक फोटोखाली एक ओळ, आणि चुकीच्या स्थितीचा फोटो लाल चौकटीत.

मोजमापाबद्दल एक आग्रह. सुरुवातीची आकडेवारी किमान दोन आठवड्यांची, दोन्ही शिफ्टची घ्या. एका चांगल्या दिवसाचे आकडे घेतले की सुधारणा दिसत नाही, एका वाईट दिवसाचे घेतले की नसलेली सुधारणा दिसते. टाक्ट टाइम (ग्राहकाच्या मागणीप्रमाणे एका पार्टला मिळणारा वेळ) काढतानाही शिफ्टची सगळी 480 मिनिटं धरू नका: जेवणाची 30 आणि दोन चहाची 20 वजा करून 430 मिनिटं, म्हणजे 25,800 सेकंद, ग्राहकाला 600 पार्ट हवे असतील तर एका पार्टला 43 सेकंद. 480 वरून काढलेले 48 सेकंद धरून लाइन बसवली तर रोज साठेक पार्ट कमी पडतात आणि दोष ऑपरेटरवर जातो.

याच मंत्रालयाची झेड प्रमाणपत्र योजना आणि ही योजना यांत गल्लत होते. झेडमध्ये ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पातळ्यांवर कारखाना कुठे आहे हे तपासलं जातं. लीनमध्ये माणूस येऊन काम कसं बदलायचं ते शिकवतो. निविदेसाठी किंवा बँकेसाठी कागद हवा असेल तर झेडकडे जा. रिजेक्शन, उशिरा डिस्पॅच आणि भरलेलं गोदाम हे दुखणं असेल तर लीन.

सहा महिन्यांची मुदत माझ्या मते तोकडी आहे. पहिले दोन महिने मोजमाप आणि विश्वास बसण्यात जातात, शेवटचा कागदपत्रांत. मधल्या तीन महिन्यांत एक लाइन नीट होते, अख्खा कारखाना नाही. म्हणून एकच लाइन निवडा आणि ती सर्वांत सोपी नको, सर्वांत जास्त डिस्पॅच अडवणारी असू द्या. अ‍ॅडव्हान्स्ड टप्प्याचा अर्ज ती लाइन सल्लागाराशिवाय तीन महिने टिकल्यावरच करा. टिकते की नाही हे पाहायला दर शनिवारी दुसऱ्या विभागाच्या माणसाने वीस मिनिटं फेरी मारून फळ्यावर गुण लिहिले तरी पुरतं.

सल्लागार पक्का करण्याआधी त्याला आपल्या शॉपवर अर्धा दिवस बोलवा आणि तो कुठे उभा राहतो ते बघा. तो मशीनपाशी थांबून ऑपरेटरला मराठीत किंवा हिंदीत प्रश्न विचारत असेल, डायच्या रॅकवर हात फिरवून नंबर वाचत असेल, तर पुढे बोला. याआधीच्या तीन कारखान्यांत आज, त्याच्या माघारी, डाय किती मिनिटांत बदलते हे विचारा, आणि त्यांतल्या एका मालकाला फोन करून आकडा जुळवून घ्या. सगळी कामं वेगवेगळी, एकेक नग बनवणारं टूलरूम असेल, तर या योजनेतली बरीच साधनं तिथे बसणार नाहीत. तिथे बेसिक करून थांबलं तरी चालेल.