ओल्या कचऱ्याचं कॉम्पॅक्टर घेताय? आधी माझे ६,३२,७०० रुपये कुठं गेले ते वाचा

परवा एक फोन आला, म्हणून लिहायला बसलोय. नाहीतर आठ महिने हे पोटात ठेवलंच होतं. घरचे, सीए, वकील आणि पोलीस सोडले तर खरा आकडा कुणाला माहीत नाही. फोनचं शेवटी सांगतो.

आमचं मंगल कार्यालय आहे, सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावाला. वडिलांनी २२ वर्षांपूर्वी बांधलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. सीझनला ६००-७०० पानं एका दिवसात उठतात. असल्या दिवशी उष्टं, भाज्यांची देठं-सालं, उरलेला भात मिळून ओला कचरा २०० किलोच्या खाली येत नाही. पूर्वी एक वराहपालनवाला येऊन ड्रम भरून न्यायचा. त्यानं धंदा बंद केला आणि आमचे हाल सुरू झाले.

डिसेंबर २०२४ मध्ये नोटीस आली. २०१६ चे घनकचऱ्याचे नियम, रोज १०० किलोच्या वर कचरा करणारे 'बल्क' म्हणजे मोठे, त्यांनी ओल्या कचऱ्यावर आपल्याच जागेत प्रक्रिया करायची, मुदत १५ दिवस, नाहीतर दंड. स्वच्छ सर्वेक्षण जवळ आलं की हे सगळ्यांना आठवतं, तुम्हालाही आली असेल. नोटीस येऊन पाच दिवस झाले नाहीत तोवर एक सेल्समन दारात हजर. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब, वडिलांच्या पाया पडला. नोटिसांची यादी ह्या माणसाला कुणी दिली, हा प्रश्न मला आज पडतो. त्या दिवशी वाटलं, देवच पावला.

मशिन म्हणजे ओल्या कचऱ्याचं हायड्रॉलिक कॉम्पॅक्टर. कचरा पाचास एक दाबतं, पाच ड्रमांचा एक ड्रम होतो, वास नाही, माशी नाही, 'नोटिशीचा विषयच संपला मालक'. कोटेशन ४,८५,००० अधिक जीएसटी. घासाघीस करून मी ४,६०,००० वर आणलं आणि त्या रात्री फार खुशीत जेवलो. २५ हजार वाचवले होते ना.

मी काही आंधळेपणानं उडी मारलेली नाही, हे आधीच सांगतो, कारण 'बघून घ्यायचं नाही का' हे वाक्य मी आता झोपेतसुद्धा ऐकतो. बघूनच घेतलं. जानेवारीत भावाला घेऊन पुण्याच्या बाजूला एका एमआयडीसीत त्यांच्या वर्कशॉपवर गेलो. चहा झाला. सेल्समननं खिशातून लोहचुंबक काढलं, मशिनच्या पुढच्या पत्र्याला लावलं, ते घसरून खाली पडलं. 'बघा मालक, अस्सल स्टेनलेस.' मग पोरांनी पुठ्ठ्याचे खोके आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आत टाकल्या, बटण दाबलं, प्लेट खाली आली, आणि एवढासा गठ्ठा बाहेर. मी टाळी वाजवायची तेवढी बाकी ठेवली.

भाऊ हळूच म्हणाला, "दादा, ओलं टाकून बघायला सांग की." सेल्समननं ऐकलं. म्हणाला, "आत्ता इथं ओला कचरा कुठून आणायचा? पण काळजी करू नका, हेच पीस तीन महिने एका हॉटेलच्या किचनमध्ये चालवून आणलंय." आणि मी भावालाच दटावलं, "अरे, त्यांना त्यांचं काम कळतं."

ह्या जागेवर मी रोज रात्री परत येतो. मशिनच्या तोंडात वाकून मी स्वतः पाहिलं होतं. आतला रंग कोरा होता. तीन महिने हॉटेलचा कचरा खाल्लेल्या मशिनमध्ये हळदीचा एक डाग नाही? ज्या माणसाचं आयुष्य हळदीचे डाग घासण्यात गेलं, ज्याच्या भटारखान्यातल्या फरशीचा मूळ रंग कुणाला आठवत नाही, त्यानं ते कोरं पांढरं भांडं डोळ्यांनी बघितलं आणि मनात म्हटलं, 'वा, किती स्वच्छ ठेवलंय!' भावाला डाग दिसला नव्हता हे दिसलं होतं. गाडीत बसल्यावर तो बोलला पण. मी म्हटलं, तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतोस. तो त्यावर आजपर्यंत एक शब्द बोललेला नाही, हे जास्त लागतं.

आता पैशाचा हिशेब. मशिन ४,६०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ८२,८००, मिळून ५,४२,८००. त्यातले ३,२५,००० ॲडव्हान्स, २,१७,८०० मशिन उतरल्यावर. दोन्ही आरटीजीएस, आणि दोन्ही कोटेशनवरच्या नावाला नाहीत, 'आमचीच सिस्टर फर्म आहे' त्या नावाला. वार्षिक देखभालीचे ३६,००० इंजिनिअरच्या मोबाइल नंबरवर. खाली काँक्रीटचा पाया २८,०००. थ्री फेज लाइन आणि स्टार्टर १६,४००. टेम्पो आणि हायड्रा क्रेन ९,५००. एकूण ६,३२,७००. कोटेशनवरचं नाव आणि खात्याचं नाव वेगळं दिसलं तर तिथंच उठा. चहा अर्धा राहिला तरी उठा.

मशिन आलं त्या दिवशी हायड्रावाल्यानं वजनकाट्याची पावती हातात ठेवली होती. कोटेशनमध्ये वजन १,१५० किलो, पावतीवर ६४०. ती पावती मी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि नारळ फोडायला गेलो. टेम्पोबरोबर ई-वे बिलही नव्हतं, म्हणजे मालवाहतुकीचा जीएसटीचा कागद. एवढ्या किमतीच्या मालाला ते लागतं हे मला माहीत आहे, आमच्या खुर्च्या आल्या तेव्हा मीच मागितलं होतं. पण त्या दिवशी पेढे वाटत होतो.

फेब्रुवारीत पहिलं मोठं लग्न, ६५० पानं. मसालेभात, अळूची भाजी, जिलेबी, मठ्ठा. पहिली पंगत उठली, पोरांनी तीन ड्रम मशिनमध्ये रिकामे केले, बटण दाबलं. प्लेट खाली गेली आणि दाराच्या रबरातून पाणी फुटलं. पाणी कसलं, मठ्ठा, तेल आणि अळूचा हिरवट रस. ते मागच्या उतारावरून वाहत पार्किंगमध्ये गेलं आणि फुलांनी सजवलेल्या नवरदेवाच्या गाडीखाली जाऊन साचलं. पाठवणीला नवरी त्यातून शालू उचलून चालत गेली. मुलीच्या वडिलांनी मला एक अक्षर ऐकवलं नाही, नुसतं बघितलं. उरलेल्या बिलातले १५,००० मी आपणहून सोडले. ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गावातला फिटर बोलावला. मशिनच्या खालच्या अंगाला पाणी निघायचा दोन इंची प्लग होता, निळ्या रंगानं रंगवलेला. मला वाटलं, तो उघडायचा राहिला. फिटरनं पान्यानं प्लग काढला, बोट आत घातलं, बाहेर काढलं, पुसलं. माझ्याकडं बघून म्हणाला, "मालक, ह्याला भोकच न्हाई." पत्र्यावर नुसतं आट्याचं नळकांडं वेल्डिंगनं चिकटवलेलं होतं. मागं पत्रा सलग.

मग त्यानं त्याचं चुंबक आत टाकलं. टप्पकन चिकटलं. आतली पेटी साधी लोखंडी, वरून रंग. बाहेरचा जो पत्रा सेल्समननं मला दाखवला तेवढाच स्टेनलेस, आणि तोही ३०४ ह्या चांगल्या ग्रेडचा नव्हे, २०२ ह्या हलक्या ग्रेडचा. चुंबक २०२ लाही चिकटत नाही, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. म्हणून चुंबकावर जाऊ नका, पत्र्याच्या ग्रेडचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, आणि ते आतल्या पेटीचं मागा. कोटेशनमध्ये माझ्या डोळ्यांदेखत 'एसएस फिनिश' लिहिलं होतं. 'फिनिश' म्हणजे दिसायला. मीठ, चिंच, लिंबू, ताक सतत लागल्यावर साध्या लोखंडाचं काय होतं ते सांगायला नको. एप्रिलपर्यंत तळाला पोपडे सुटले.

आणि समजा पेटी सोन्याची असती, तरी हे मशिन चाललं नसतं. माझी मुलगी नववीत आहे. तिनं घनतेचा धडा नुकताच केला होता. रंगाची २० लिटरची बादली उष्ट्यानं भरून मी काट्यावर ठेवली, १४ किलो भरली. ती म्हणाली, "बाबा, पाचास एक दाबलं तर हे १४ किलो ४ लिटरमध्ये बसायला पाहिजे. म्हणजे लिटरला साडेतीन किलो. आपला काळा दगडसुद्धा लिटरला तीनच्या आसपास असतो." तर मी मसालेभाताचा दगड करून देणारं मशिन विकत घेतलं होतं. खोके आणि बाटल्यांत हवा असते, ती निघून जाते. उष्ट्यात पाणी असतं, पाऊण भाग पाणीच, ते दाबून कमी होत नाही, फक्त बाहेर येतं. ते बाहेर आलेलं घाण पाणी कुठं सोडणार, हा प्रश्न आधी विचारा. ओला कचरा दाबायची खरी मशिनं असतात, पण त्यांना खाली चाळणी, पाण्याची टाकी आणि धुवायची सोय असते, आणि दाबून राहिलेला चोथा पुढं खताला न्यावाच लागतो.

कंपनीचा फोन मार्चपासून बंद. बिलावरचा जीएसटी क्रमांक सीएनं पोर्टलवर टाकला, नोंदणी जून २०२४ मध्येच रद्द झालेली. माझं बिल जानेवारी २०२५ चं. म्हणजे ८२,८०० कर म्हणून घेतले ते सरकारला गेलेच नाहीत, आणि मला त्याची वजावटही नाही. पोर्टलवर क्रमांक तपासायला पैसे पडत नाहीत, लॉगिन लागत नाही, एक मिनिट लागतं. मी तो एक मिनिट आठ महिन्यांपूर्वी दिला नाही.

नोटीस दिलेल्या साहेबांकडं गेलो. म्हटलं, निदान मशिन तर बसवलं, दंड माफ करा. साहेब म्हणाले, "कचरा दाबणं म्हणजे प्रक्रिया नव्हे. नियमात कंपोस्ट नाहीतर बायोगॅस." मग हे आधी का नाही सांगितलं? "तुम्ही विचारलं नाही." दंड ५,००० भरला, पावती घेतली.

पोलिसांकडं गेलो. "मशिन मिळालं ना? मग फसवणूक कुठं झाली?" मी प्लगचा फोटो दाखवला. हवालदारांनी तो दुसऱ्याला दाखवला, दोघं हसले. "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." रद्द नोंदणीवर कर घेतला, हे दाखवलं तर म्हणे जीएसटीवाल्यांकडं जा. जीएसटीवाले म्हणाले ऑनलाइन तक्रार करा. केली, क्रमांक मिळाला, बाकी काही मिळालं नाही. वर्कशॉप ज्या हद्दीत आहे तिथल्या ठाण्यात गेलो, तर माल तुमच्याकडं उतरला, तिकडंच तक्रार द्या. इकडं आलो, तर पैसे पुण्याच्या खात्यात गेले, तिकडं जा. हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यायलाच लागते, नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. ते मी छापून नेलं. ठाणे अंमलदारांनी कागद वाचला, घडी घातली आणि परत माझ्या हातात दिला. १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या नंबरला फोन केला तर ते म्हणाले हे सायबर नाही. १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला केला तर बाई फार गोड बोलल्या: "तुम्ही मशिन धंद्यासाठी घेतलं ना सर? मग तुम्ही ग्राहक नाही." सहा लाख मोजून मी ग्राहकसुद्धा नाही! मग मी कोण? वकिलांची नोटीस ६,००० ला पडली, 'पत्त्यावर कुणी राहत नाही' म्हणून परत आली. आता पोलीस अधीक्षकांना लेखी दिलंय. तिथूनही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करायचा, असं वकील म्हणतात. तुम्ही माझ्यासारखे चार महिने चकरा मारू नका. पहिल्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

भंगारवाला ३२ रुपये किलोनं मागतोय, २०,४८०. दिलं नाही, पुरावा आहे म्हणून. ते मागं उभं आहे, वर ताडपत्री. लग्नाची पोरं त्याच्या आड जाऊन सेल्फी काढतात. उष्टं आता एका गोठेवाल्याच्या गोबरगॅसला जातं, भाज्यांच्या सालांसाठी विटांच्या दोन टाक्या बांधल्या, ३८,००० लागले. हे तीन वर्षांपूर्वी फुकटात सुचायला हवं होतं.

डेमोला जाताना आपल्याच भटारखान्यातली एक बादली उष्टं घेऊन जा. वरण असलेलं. नाही म्हणाले तर गाडी वळवा.

आता फोनचं. परवा सांगलीकडचे एक कार्यालयवाले बोलले. आवाजात अदब होती. "तुमचं मशिन कसं चाललंय? त्यांनी तुमचा फोटो पाठवलाय." मी म्हटलं, पाठवा इकडं. फोटो आला. मशिनला हार, समोर मी, हातात फुटलेला नारळ, तोंडभर हसतोय. खाली लिहिलंय 'आमचे समाधानी ग्राहक'. कंपनीचं नाव नवीन आहे.

मी त्यांना सगळं सांगितलं. पलीकडं बराच वेळ शांतता. मग मी विचारलं, ॲडव्हान्स दिलाय का?

म्हणाले, "सोमवारी केला. ३,२५,०००."