क्लाउझेविट्झ : सगळा वाचावा की निवडक?

युद्धशास्त्रावरचा ‘ऑन वॉर’ (मूळ जर्मन ‘फोम क्रीगे’) हा जाडजूड ग्रंथ प्रशियाचा सेनानी कार्ल फॉन क्लाउझेविट्झच्या मृत्यूनंतर, १८३२पासून, त्याची पत्नी मारी हिने छापून आणला. एकूण आठ भाग.

निवडक वाचायचं तर पहिला, दुसरा आणि आठवा भाग घ्यावा. युद्ध आणि राजकारण यांचं नातं, रणांगणावर साध्या गोष्टीही अवघड का होतात, हे सगळं तिथे मिळतं. शिवाय पहिल्या भागातलं पहिलं प्रकरण तेवढं पूर्ण झालंय, असं लेखकानेच लिहून ठेवलंय! पाचव्या भागातल्या छावण्या आणि कूच वाचताना डुलकी लागली, तर दोष तुमचा नाही.

पण अशा निवडीत सहावा भाग हातचा जातो आणि ते मला खटकतं. बचाव हा चढाईपेक्षा मजबूत प्रकार, हा दावा तो तिथे डोंगर, नद्या, किल्ले धरून तपासतो. शस्त्र घेतलेल्या जनतेवरचं २६वं प्रकरणही तिथलंच. हा भाग गाळला की क्लाउझेविट्झ निव्वळ निर्णायक लढाईचा पुरस्कर्ता वाटू लागतो. म्हणून निवडकच वाचणार असाल, तर सहाव्यातली सुरुवातीची प्रकरणं आणि २६वं तरी जोडून घ्या.